मळकीवर उभं राहिल्याशिवाय

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता बऱ्यापैकी वाकतो, लेक-जावई मजेत आहेत आणि नातू दूध पिताना अजून नाक मुरडतो, हे सगळं तुझ्या पत्रातून कळलं. बरं वाटलं. इकडे मीही ठणठणीत आहे. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डुगडुगतं आणि त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारायला मला सवड नाही.

फोन का नाही केला म्हणून विचारशील. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि काय ठरलं ते शेवटी दोघींनाही आठवत नाही. म्हणून पत्र. कागदावर मला मध्येच तोडणारं कुणी नाही.

तर मुद्दा. चार पानं गोडगोड लिहून शेवटच्या ओळीत तू म्हणतेस, 'माझं ऐकशील तर लाँड्री विकून टाका आणि मोकळ्या व्हा. होऊ दे आता दुसऱ्या कुणाला तरी मालक.' ती ओळ वाचली आणि चहा उतू गेला तरी मी जागची हलले नाही. विकून टाका! जुनं कपाट आहे का ते? आणि हे लिहिणारी कोण, तर मालक आमचे पगार बुडवून पळाला तेव्हा जिने फाटकाचं कुलूप पहारीनं तोडलं आणि लाँड्री आपल्या सगळ्यांची केली ती. पोलीस आला तर 'गंजलं होतं हो, नुसता हात लावला आणि पडलं' असं त्याच्या तोंडावर सांगणारी. तुझा तो निरागस चेहरा बघून बिचारा आभाळाकडे बघत निघून गेला होता. ताई, मालक कसा असतो ते तू विसरलीस, की निवृत्त होऊन लेकीकडच्या पाचव्या मजल्यावरून खाली बघता बघता माणूस सगळंच विसरतो?

राग आला तर येऊ दे. मलाही आलेला आहे.

तुझ्या लेकीला इथून कुणी काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून खरी हकिगत मी सांगते. गावाबाहेर मोठ्या रस्त्यालगत एका कंपनीचा धुलाईचा प्लँट उभा राहतोय. माणसं कमी आणि मशिनी जास्त. आपली दोन छोटी हॉस्पिटलं त्यांनी नेलीच. मोठं हॉस्पिटल, ज्याच्या चादरींवर आपली चूल पेटते, ते म्हणतं की उन्हाळ्यापर्यंत काम तुमचं, पुढचं पुढे बघू. आणि कंपनी म्हणते, जागा द्या, मशिनी द्या, गिऱ्हाइकं द्या, आम्ही तुम्हाला सगळ्यांना नोकरी देतो. सगळ्यांना! पहिल्या वर्षापुरती, हे बारीक आवाजात.

हे सांगायला त्यांनी एक माणूस पाठवला. बॉयलरच्या धगीतसुद्धा गळ्यातला टाय सैल करत नाही, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणतो. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. पण तो भला आहे. कुणाच्या मुलीची परीक्षा आहे, कुणाच्या सासूचं ऑपरेशन झालंय, हे लक्षात ठेवून चौकशी करतो. पहिल्याच दिवशी घड्या घालायच्या खोलीत उभा राहून म्हणाला, "आणि तुमची ती सभांची कटकट कायमची संपेल." ताई, मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. पगाराचं बोलला तेव्हा कुणाची पापणी हलली नव्हती. सभा संपतील म्हणाला आणि अर्ध्या जणींचे डोळे चमकले.

आता तूच सांग, त्यांना दोष कसा देऊ? आपल्या सभा म्हणजे डोक्यावर मिरे वाटणं. चहाच्या कपांना कान असावेत की नसावेत यावर आपण दुपार घालवली होती. तेव्हा तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'कान नसलेले घ्या, निदान कप तरी ऐकणार नाहीत.' मी यंदा अध्यक्ष झाल्यापासून तसल्या सभा रेटतेय, आणि तुझ्यासारखं बोलायला येत नाही म्हणून नुसती टेबलावर थापटते.

पण त्याच सभेत ठरलं होतं ना, की हॉटेलं रिकामी असतात त्या दिवसांत कुणाला घरी बसवायचं नाही, सगळ्यांनीच थोडं थोडं कमी काम करायचं? आजवर एकही माणूस आपण काढलेला नाही. घडीच्या खोलीमागे पोरांना खेळायला जागा झाली ती सभेतच. शिवणवाली नवऱ्याच्या घरातून एक पिशवी घेऊन निघाली आणि आपल्या दारात येऊन बसली. तिला सुई दिली ती सभेनं. आज फाटलेल्या चादरी ती अशा सांधते की हॉस्पिटलवाले नवीन समजतात, आणि तिचा हात सभेत माझ्या हाताइतकाच वर जातो. वृद्धाश्रमाच्या चादरी आपण फुकट धुतो. त्यांचं काय होणार, म्हणून मी टायवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ते बघू. सामाजिक उपक्रमात कुठंतरी बसवता येईल." म्हाताऱ्यांनी उपक्रमात बसेपर्यंत अंथरूण ओलं करायचं नाही, असं त्याला सांगणार होते, पण शिवणवालीनं मला चिमटा काढला.

आणि तू म्हणतेस की तुझं मत या पत्रातच धरावं, यायची दगदग नको. धरता येत नाही. नियम तुझाच आहे.

परवा टायवाल्याला मी तोच समजावून सांगत होते. त्याला म्हटलं, ही मधली भिंत बघ. पलीकडे धुतलेलं, अलीकडे मळकं. हॉस्पिटलच्या गाठोड्यात काय काय असतं ते मळकीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रक्त असतं, घाण असते, सुया असतात, आणि एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली आणि संध्याकाळी म्हातारा रडत ती शोधत आला. गाठोडं सोडायचं, झटकायचं, वेगळं करायचं, मशिनीत घालायचं. मालकाच्या वेळी ज्याच्यावर मर्जी खप्पा झाली त्याला मळकीवर टाकायचे, आणि तो जन्मभर तिथंच राहायचा. म्हणून कुलूप तुटलं त्याच दिवशी आम्ही ठरवलं की मळकी सगळ्यांची. हिशेबनिसाची, टेम्पोवाल्याची, सगळ्यांची, दर महिन्याला एक आठवडा. आणि सभेआधीच्या महिन्यात जो मळकीवर उभा राहिला नाही, त्याचा सभेत हात नाही.

तो हसून म्हणाला, "आणि अध्यक्ष?"

"अध्यक्ष सगळ्यात आधी," मी म्हटलं. माझी मान तेव्हा बरीच ताठ होती.

तुला गेल्या वर्षीची गोष्ट सांगायची राहिली. आपला हिशेबनीस मळकीवर जायला तयार नव्हता. वासानं उलटी होते म्हणे. ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. सभेत त्याच्याच कामाच्या वेळा बदलायचा विषय होता आणि त्यानं हात वर केला. मी म्हटलं, "खाली." सगळ्यांसमोर. तो लाल झाला, पण हात खाली घेतला. नंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आता नाकाखाली बाम लावतो आणि उभा राहतो. तेव्हा काही जणी म्हणाल्या, बाई फार कडक आहेत. असेन.

असो. सभा पुढच्या रविवारी आहे. मी काय करणार हे तुला माहीत आहे, आणि टायवाल्यालाही माहीत आहे. बॉयलरबुवा विकण्याच्या बाजूला गेला आहे, त्याचं मात्र वाईट वाटतं. घरी बायको आजारी, निवृत्ती जवळ आलेली. त्याला वाटतं, कंपनीच्या सावलीत उरलेले दिवस बरे जातील. त्याच्याशी मी भांडत नाही. बाकी सगळ्यांशी भांडते.

तू विचारतेस, माझे हात कसे आहेत, साबणानं फुटतात का अजून. जागेवर आहेत.

लेकीला आशीर्वाद, नातवाला पापा. आणि तुला या पत्रातून जेवढं टोचलं असेल तेवढं टोचू दे.

तुझीच,
धाकटी
(यंदाची अध्यक्ष, हे विसरू नकोस)


ता. २१ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. या खेपेला गुडघा, लेक, नातू सगळ्यांची चौकशी मागाहून करते.

शिवणवालीनं तुला फोन केला, हे मला तिनंच सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, माझ्यासमोर उभं राहून भिंतीला सांगितलं, कारण माझ्याशी ती बोलत नाही. तेव्हा टेबल डुगडुगत नाही हे तुला कळलेलं आहे. मी डाव्या हातानं लिहितेय. ते पत्रही डाव्याच हातानं लिहिलं होतं. उजव्याला मनगटापर्यंत पट्टी आहे.

तिनं तिखटमीठ लावून सांगितलं असेल, म्हणून जे झालं ते मी सांगते. तुला आधीचं पत्र लिहिलं त्याच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. मळकीचं सांगून झाल्यावर मी टायवाल्याला चादरींना इस्त्री करणारा रोलर दाखवत होते. तो अगदी अदबीनं म्हणाला, "बरीच जुनी मशीन दिसते." मला झोंबलं. मी म्हटलं, "जुनी आहे, पण आम्ही जिवापाड जपली आहे, तुमच्या नव्याला असं कोण जपणार?" त्याच्याकडे बघत मी हे भाषण ठोकत होते, आणि चादरीचा एक कोपरा दुमडून आत चालला होता. तो सरळ करायला मी न बघता हात घातला. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मीच तिला सांगते, बोलायचं असेल तर रोलरपासून लांब उभं राहून बोल. मशीन थांबवणाऱ्या समोरच्या दांडीला मनगट लागलं आणि मशीन लगेच थांबली, अगदी थांबायला हवी तशी. हे लिहून ठेव, मशीन थांबली. पण तोवर रोलर तापलेला होता तो होताच.

मला हॉस्पिटलात नेलं टायवाल्यानं, स्वतःच्या गाडीतून. मी ओरडू नये म्हणून दात आवळून बसले होते आणि तो वाटेत सारखं "झालं, आलंच, झालं" म्हणत होता. तिथं पाणी आणून दिलं, कागद भरले, तुझा फोन नंबर विचारला. मी दिला नाही. ज्या खाटेवर निजवलं तिची चादर आपलीच होती, कोपऱ्यात आपली निळी टीप होती. हात जळत असतानाही मी पायानं चाचपून बघितलं, घडी नीट घातली होती का ते. नीट होती.

डॉक्टर म्हणतात, बोटं वाकतील, पण घाई करायची नाही. मला भीती वाटली, ताई. आता उघडच लिहिते. हात गेला तर मी कोण, असं त्या खाटेवर पडून मनात आलं. आणि तुला कळवलं असतं तर तू लगेच म्हणाली असतीस, बघ, मी सांगत होते, विकून टाका. तुझ्या हातात आयतं कोलीत द्यायचं नव्हतं मला. म्हणून लिहिलं नाही. त्याबद्दल तुला जे बोलायचं असेल ते बोल, पण समोर येऊन बोल. का, ते पुढे लिहिते.

नेमका त्याच आठवड्यात माझा मळकीचा नंबर होता. उघडी जखम घेऊन हॉस्पिटलच्या मळक्या कपड्यांजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून गेले. एक गाठोडं डाव्या हातानं सोडलं आणि शिवणवालीनं मला मागून कॉलरला धरून बाहेर ओढलं. "मरायचं असेल तर घरी मरा, इथल्या पोरींना कामाला लावू नका," असं म्हणाली. तर मी मळकीवर उभी राहिले नाही. एक गाठोडं म्हणजे उभं राहणं नव्हे.

आता सभेचं.

घडीच्या खोलीत सगळे आले होते. टेबलं भिंतीला सरकवली होती. टायवाल्यानं आपलं सांगितलं, चांगलं सांगितलं, आणि मग आम्हाला ठरवू दे म्हणून बाहेर दाराशी जाऊन उभा राहिला. मग बॉयलरबुवा बोलला. त्याला बोलता येत नाही, तुला माहीत आहे, पण तो म्हणाला, "मला झोप लागत नाही. मोठं हॉस्पिटल गेलं तर काय, याचा विचार करत मी रात्र काढतो. हा विचार करायला मला दुसरं कुणीतरी हवंय." कुणीच त्याला हसलं नाही. टेम्पोवाला त्याच्या विरुद्ध बोलला. तो म्हणाला की मोठं हॉस्पिटल गेलं तर वसतिगृहं आहेत, छोटे दवाखाने आहेत, तो टेम्पो घेऊन दारोदार फिरेल, पण कुणाला सलाम ठोकणार नाही. बरंच भांडण झालं. पोरांच्या खोलीतून कुणीतरी रडत आलं, त्याला मांडीवर घेऊन भांडण झालं.

मग हात वर करायची वेळ आली. विकायचं म्हणणारे हात मोजले. नको म्हणणारे मोजले. पुन्हा मोजले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

शिवणवाली ओरडली, "करा ना वर! डावा करा! डाव्याला काय झालंय?"

मी म्हटलं, "मी मळकीवर उभी नव्हते."

"अहो, हात भाजला होता तुमचा!"

"म्हणजे उभी नव्हतेच ना."

तेवढ्यात बॉयलरबुवा उठला. मला वाटलं, हा आता नियमावर बोट ठेवणार. तर म्हणतो, "बाईंना मत द्या. हात काय सिनेमाला जाताना भाजला? कामावरच भाजला ना!" ताई, हा माणूस विकण्याच्या बाजूचा. मी हात वर केला असता तर हरणारा तोच होता. एक क्षण मला वाटलं, करावा वर. कुणाचीच हरकत नव्हती. खरंच कुणाची नव्हती.

पण समोर हिशेबनीस बसला होता. नाकाखाली बामचा पांढरा पट्टा, आठवडाभर मळकीवर उभा राहून आलेला, आणि तो फक्त माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "नाही."

कुणीतरी म्हणालं, मग नियमच बदलू, आजारी माणसाला सूट देऊ, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, "जरूर बदला. पुढच्या सभेपासून. आजचं मत जिंकायला आजच नियम वाकवायचा, आणि तोही अध्यक्षासाठी, हे माझ्या हयातीत होणार नाही. मग आपल्याला मालक काय वाईट होता?" मी बसल्या जागी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उचलले नाहीत. शिवणवाली रडायला लागली. म्हणाली, "तुमच्या या हट्टापायी आम्ही रस्त्यावर येणार." तेव्हापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. रोज सकाळी घरी येते, माझी वेणी घालते, भांडी घासते आणि एक अक्षर न बोलता निघून जाते. वेणी इतकी घट्ट घालते की कपाळाची कातडी ओढली जाते. मी काही म्हणत नाही.

टायवाला दारातून म्हणाला, "पण अशा वेळी अध्यक्षांना जादा मत असतंच की." त्याच्याकडे असतं. मी म्हटलं, "इथे अध्यक्षाला जादा फक्त खुर्ची झाडायचं काम असतं."

मग तुझा विषय बॉयलरबुवानंच काढला. लाँड्री विकायचा प्रश्न असेल तर निवृत्त झालेल्यांपैकी ज्यांनी आपला भाग काढून घेतला नाही, त्यांचाही हात धरायचा. जुन्यांपैकी बाकी सगळ्यांनी भाग काढून घेतले. एकटीनं घेतला नाही, ती म्हणजे तू. "ताईंना बोलवा," तो म्हणाला. "त्या काय म्हणतात?"

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. खोटं बोलायचं मनात आलंही नाही, असं लिहिणार नाही. आलं. पण बोलून टाकलं, "ती विका म्हणते."

तुझ्या वेळच्या दोघी-तिघी आहेत, त्यांनी तर मानच खाली घातली. कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई म्हणतात?" मी म्हटलं, "हो. पण ती पाचव्या मजल्यावर बसून म्हणते. इथं येऊन काय म्हणते ते मला माहीत नाही, आणि तिलाही माहीत नाही."

तर आता असं आहे. पुढची सभा मार्चच्या शेवटच्या रविवारी. तोपर्यंतच कंपनी थांबणार आहे. माझी जखम तोवर भरायची नाही आणि आजाऱ्याची सूट या प्रश्नाला लावायची नाही असं ठरलंय, म्हणजे तेव्हाही माझा हात नाही. तू आलीस आणि हात वर केलास तर लाँड्री विकली जाईल किंवा राहील. तू आलीच नाहीस तर निम्मे-निम्मेच राहतात, विक्री होत नाही, आणि मी जिंकते.

हे लक्षात आलं तेव्हा शिवणवालीनं मौन सोडलं, तेवढ्यापुरतं. मला म्हणाली, "पत्र टाकू नका. सभेत सांगा, ताईंचा गुडघा प्रवास झेपू देत नाही. खोटं तरी कुठे आहे?" टेम्पोवालाही तेच म्हणाला. माझ्या बाजूचे सगळेच म्हणतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. त्यांना घरं आहेत, पोरं आहेत. खरं सांगते, पाकीट आणलं तेही मी कुणाला दाखवलं नाही.

तरी लिहितेय. गप्प बसून जिंकलेली लाँड्री मला नको. तुला वगळून तर मुळीच नको. मनातून मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की तुझ्याशी समोरासमोर हरायलाही माझी तयारी आहे, पण तुझ्या पाठीमागे जिंकायला नाही.

येशील का, असं विचारत नाही. ये. सभेच्या आठवडाभर आधी ये, कारण तुलाही मळकीवर उभं राहावं लागेल. गुडघ्याचं कारण चालणार नाही. मळकीवर आता एक उंच खुर्ची केली आहे. घडीवरच्या एकीला दिवस गेले तेव्हा तिच्यासाठी करून घेतली, आणि तिच्यावर बसणं म्हणजे उभं राहणंच धरायचं, हे सभेत अर्धा दिवस भांडून ठरलं आहे. तुझ्याशेजारी एक नवी पोरगी असेल. ती कुणाचंच ऐकत नाही आणि काम झपाट्यानं करते. तुला आवडेल. माझ्याकडेच राहायचं. वेणी तू घाल माझी, म्हणजे कपाळ तरी सुटेल. त्या आठवड्यात या विषयावर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. हवामानावर बोलू, नातवावर बोलू. माझा हात मी तुला मुद्दाम दाखवणार नाही आणि लपवणारही नाही.

मग रविवारी घडीच्या खोलीत ये आणि हात वर कर. विका म्हणायचं असेल तर विका म्हण. पण आमच्या तोंडाकडे बघून म्हण. शिवणवालीकडे बघ, बॉयलरबुवाकडे बघ, त्याच्याकडे तर नक्की बघ, त्याचं भय खरं आहे. माझ्याकडे नाही बघितलंस तरी चालेल. मी रडणार नाही, रुसणार नाही, तुझी बहीण आहे ती राहीनच.

पण एक आत्ताच सांगते, मागाहून फसवलं असं म्हणू नकोस. तू विकलंस तर बाकीच्यांनी खुशाल त्यांच्या प्लँटमध्ये जावं, मी जाणार नाही. ही धमकी नव्हे, मला ओळखणाऱ्या माणसाला मी माहिती देतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी जागा शोधायला बाहेर पडेन. पाण्याचा नळ असलेली एक खोली आणि माझ्यासारखी एखादी हट्टी बाई मिळाली तरी पुरे. आणि तिथंही पहिलं गाठोडं मीच सोडेन, मग तेव्हा हातावर पट्टी असो की नसो.

गुडघ्याला जप. येताना गाडीत खिडकीची जागा घे, पाय लांब करता येतो.

मांडीवर हात ठेवून बसलेली,
तुझी धाकटी